पाळण्यातला वरवंटा

माझा पाळणा कुणी उलटा करून बघेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आमच्या डमडमच्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी, सॉल्ट लेकहून आलेली ती आठ महिन्यांची गरोदर मुलगी खाली फरशीवर बसली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि पाळण्याच्या बुडाशी वाकून बघायला लागली. मग तिनं मला विचारलं, काकू, इथला स्टिकर कुठे गेला? मी चहा टाकायला निघाले होते, ती दारातच थांबले. नाकाला मिरच्या झोंबल्या, दुसरं काय.

आधी पाळण्याचं सांगते, म्हणजे माझा राग कळेल. हा काही लाकडी, कड्यांचा पाळणा नाही. प्लॅस्टिकचा, राखाडी रंगाचा, मागे रेललेल्या गादीचा, बॅटरीवर चालणारा. माझी मुलगी पहिलं बाळ घेऊन अमेरिकेहून आली तेव्हा तिनं तो सोबत आणला होता आणि परत जाताना सामान जास्त होतंय म्हणून इथेच टाकून गेली. त्याची एक करामत होती. आवाज कानावर पडला की तो आपणहून हलायला लागायचा. बाळ रडलं की सुरू, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद. आमच्या हिला काय कौतुक त्याचं, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि ते खरंच होतं.

कोलकात्यातली आम्ही मराठी माणसं दोन तऱ्हांची. एक आमच्यासारखी इथेच जन्मलेली, इथल्याच शाळांतून शिकवून रिटायर झालेली. दुसरी बदलीवाली, बँकेची, केंद्र सरकारची, लष्कराची. तीन वर्षं झाली की बिऱ्हाड उचललं. त्यांच्यात कुणाचं बाळंतपण इथे आलं, की आई-सासू दीड-दोन हजार किलोमीटरवर, मग मराठी मंडळातल्या काकू कामाला येतात. त्यात आपल्यात तान्ह्या बाळाला आधी कोरं काही घालत नाहीत. ज्याचं पोर धडधाकट वाढलंय त्याच्याकडचं जुनं झबलं मागून आणतात. त्याच हिशोबानं माझा पाळणा मागितला जायचा. काकूंचा पाळणा लाभतो, असं बायका म्हणायच्या. मी वरवर 'चला, काहीतरीच' म्हणायचे आणि आतून फुगायचे. खोटं कशाला बोलू?

पाळणा परत यायचा तो रिकामा नाही. नारळ, मूठभर तांदूळ, एखादं झबलं घालून यायचा. रिकामा पाळणा हलवू नये हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण हा मेला कुणी हात न लावता हलणारा. कावळा ओरडला की हलतोय, कुकरची शिट्टी झाली की हलतोय. तेव्हा मी एक उपाय काढला. बारशाला वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात ना, तसा आमचा वरवंटा झबल्यात गुंडाळून, टोपडं घालून मी त्यात ठेवून द्यायचे. दगड अडीच-तीन किलोचा, नव्या बाळाएवढा. सेल काढून ठेवले असते तर प्रश्न मिटला असता, पण मला ते काढवायचे नाहीत. मुलगी तिकडे, आम्ही दोघं इकडे, घरात काहीतरी हलतंय हेच बरं वाटायचं. हे विचारायचे, झोपला का तुझा दगड?

तर असा हा पाळणा, आणि ही पोरगी त्याचा स्टिकर शोधत होती. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी, नवरा बँकेत, बदली होऊन जेमतेम चार महिने झालेले. तिनं नीट समजावून सांगितलं की परदेशात बाळांच्या वस्तूत काही दोष निघाला तर कंपनी ती परत मागवते, त्याच्या याद्या असतात, जुनी वस्तू घेण्याआधी मॉडेलचा नंबर त्यात बघावा. मी म्हटलं, बाई गं, आमची मुलगी चादरीच्या झोळीत वाढली, त्या झोळीला कुठला नंबर होता? ती वाद घालत बसली नाही. स्टिकर धुऊन गेला होता, पण प्लॅस्टिकमध्येच कोरलेला नंबर तिला सापडला. त्याचा फोटो काढला, चहा घेतला, चिवडा खाल्ला आणि पाळणा न घेता गेली. संध्याकाळभर मी ह्यांच्यापाशी तिच्या नावानं खडे फोडले. एवढी सहा मुलं त्यात वाढली, आणि ही शहाणी आली नंबर बघायला.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटपायच्या वेळेला तिचा फोन आला. आवाज खाली होता. म्हणाली, "काकू, रागावू नका, पण हा पाळणा आता कुणालाच देऊ नका. कंपनीनं तो सात वर्षांपूर्वीच परत मागवलाय." मी विचारलं, का, मोटार जळते का? ती म्हणाली, मोटारीचं काही नाही, बसण्याच्या उताराचं आहे. बाळ त्यात झोपलं की हळूहळू खाली घसरतं, मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते. एवढुशा बाळाला मान उचलता येत नाही आणि श्वास कोंडतो. तिकडे बाळं गेली आहेत त्यात. मला एकच सुचलं, मी म्हटलं, अगं पण बाळ रडेल ना, आणि रडलं की हा हलतो.

"रडत नाहीत काकू. आवाजच होत नाही."

फोन ठेवला आणि खरकटी पानं तशीच टाकून मी मधल्या खोलीत गेले. पाळणा स्थिर होता. टोपडं घातलेला वरवंटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हणजे दगडाला तोंड कुठलं, पण टोपड्याची बाजू तिकडे होती. मी खुर्ची ओढून समोर बसले. काय बघायचं होतं मलाच ठाऊक नव्हतं. बराच वेळ काहीच झालं नाही. ह्यांचं घोरणं आतल्या खोलीतून येत होतं तेवढंच, ते पाळण्याच्या कानापर्यंत पोचत नव्हतं.

मग दिवेलागण झाली आणि समोरच्या बंगाली वहिनींनी शंख फुंकला. रोज फुंकतात. तीन वेळा. पहिल्याच शंखाला पाळण्यात खट् झालं आणि तो हलायला लागला. मी त्या गुंडाळ्याकडे बघत राहिले. एका झोक्याला काही दिसत नव्हतं. दहाव्या-पंधराव्या झोक्याला दगड बोटभर खाली आला होता. मग आणखी बोटभर. झबल्याचा गळा वर सुटला, टोपडं पुढे झुकलं आणि हळूहळू दुमडून खाली टेकलं, आणि पाळणा थांबेपर्यंत तिथेच राहिलं. ते दुमडलेलं टोपडं मी आधी पाहिलं होतं. शंभर वेळा पाहिलं होतं. केर काढताना, कपड्यांच्या घड्या घालताना, जाता-येता, 'पडलास का रे पुढे' म्हणून मी त्या दगडाला वर ओढून सरळ केलं होतं. वर्षानुवर्षं तो पाळणा मला करून दाखवत होता, आणि मी लाडानं दगड सरळ करत होते.

मुलीला अमेरिकेत फोन लावला. तिकडे सकाळ होती. ती आठवून म्हणाली, हो गं, कंपनीचा ई-मेल आला होता मला, पण मला वाटलं तू तो केव्हाच देऊनबिऊन टाकला असशील. देऊनच टाकत होते, म्हटलं. तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला तोंड कुठे होतं मला?

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आणि सकाळी मी फोनाची वही घेऊन बसले. एकच गोष्ट कळायला हवी होती. माझ्या पाळण्यात झोपलेली सगळी मुलं आहेत ना? असं थेट कुणाला विचारणार? संक्रांत जवळ आली होती, तेव्हा तिळगुळाचं निमित्त काढलं. एकीचा फोन तिच्या सात वर्षांच्या मुलीनंच उचलला आणि तिनं मला बंगालीत सांगितलं, की आई अंघोळीला गेली आहे. एरवी मी मराठीत बोल म्हणून दटावलं असतं. त्या दिवशी तो आवाज ऐकून मला रडूच फुटलं, आणि ती पोर घाबरून फोन ठेवून पळाली. दुसरीचा मुलगा फुटबॉल खेळताना दात पाडून आला होता. तिसरीनं फोटोच पाठवले. मी एकेका मुलाला मनातल्या मनात हात लावत गेले. प्रत्येक फोनवर माझा आवाज चढला की मधल्या खोलीत खट् व्हायचं. शेवटी ह्यांनी उठून सेल काढले.

एक घर उरलं. ते घर मी मुद्दामच शेवटी ठेवलंय हे माझं मलाही दुपारपर्यंत कबूल करवेना.

फोर्ट विल्यमच्या लष्करी क्वार्टर्समध्ये राहायची ती. नवरा मेजर. मुलगी झाली, बारशाला मी गेले होते, घसा बसेपर्यंत पाळणा म्हटला होता. लोक पाळणा चार-पाच महिने ठेवून घ्यायचे. हिच्याकडून तो महिन्या-दीड महिन्यातच परत आला. मेजर स्वतः घेऊन आला, गणवेशात, सकाळच्या वेळी. आत आला नाही, चहा नको म्हणाला. मी विचारलं, एवढ्यात? आता लागत नाही का? तो म्हणाला, नाही, आता नाही लागत. आणि पाळणा दारात ठेवून जिना उतरून गेला.

पाळणा रिकामा होता. नारळ नाही, तांदूळ नाही, साधा रुमालसुद्धा नाही. आणि मला काय वाटावं? मला राग आला. लष्करातली माणसं, ह्यांना कुठली रीतभात, असं मी हातवारे करून ह्यांना सांगितलं. मग स्वतःच नारळ आणून त्यात ठेवला, हळदकुंकू लावलं आणि पुढच्या बाळंतिणीकडे पोचता केला. नंतर कळलं की ती माहेरी गेली आहे, मग त्यांची बदलीच झाली. मंडळात कुणी काही बोललं नाही, मी काही विचारलं नाही. विचारायला जीभ रेटली नसती असंही नाही. पण आपल्यात लहान मुलाबद्दल वाकडा प्रश्न तोंडातून काढत नाहीत. शुभ बोल रे नाऱ्या. एवढ्या एका शिस्तीपायी त्यानंतर आणखी दोन बाळं मी त्या पाळण्यात घातली. ती वाचली ती माझ्या पुण्याईनं नाही.

ह्यांनी फोन करू नकोस म्हणून बजावलं. झालं-गेलं गंगेला मिळालं, सहा वर्षांनी खपली काढून काय मिळवणार आहेस, म्हणाले. मला त्यांचं पटत होतं, हे वाईट होतं. सॉल्ट लेकच्या पोरीलाही विचारलं. ती म्हणाली, काकू, तसंच झालं असेल असं आज कुणीच खात्रीनं सांगू शकणार नाही, पण मी आई असते तर मला कळावंसं वाटलं असतं. पाळणा कुणाच्या हाती परत लागायला नको म्हणून तिनं तो मोडून टाकायला सांगितला. भंगारवाल्याला अख्खा दिला तर तो पुसून दुसऱ्याला विकतो. मी कात्रीनं त्याचे पट्टे कापले, गादी फाडली. ह्यांनी पान्यानं सांगाडा सोडवला. वरवंटा मी धुऊन पाट्यावर ठेवला, पण त्यावर चटणी वाटायचं धाडस अजून झालेलं नाही.

नंबर मिळायला दोन दिवस गेले. ती दोघं आता नाशिकला होती. मी दुपारी तीनला फोन लावला. हात ओले होते, पदराला पुसले. तिनं उचलला. मी कोण ते सांगितलं आणि तिळगुळाचं ठरवलेलं वाक्य तोंडात येईपर्यंत ती म्हणाली,

"काकू, आज कशी आठवण झाली?"

त्यात टोमणा नव्हता, तेच सोसवेना. मी म्हटलं, मला तुझ्या मुलीबद्दल विचारायचंय. एवढंच बोलले. पुढचं तिनं आपणहून सांगितलं, अगदी सपाट आवाजात, पुष्कळ वेळा कुणाला तरी सांगून झाल्यासारखं. बाळ पाच आठवड्यांचं होतं. दुपारी तिनं पाजलं आणि पाळण्यात ठेवलं. रात्रभराचं जागरण होतं, तिचा डोळा लागला. चाळीस मिनिटं. जाग आली तेव्हा पाळणा हलत नव्हता, म्हणून तिला वाटलं की बाळ शांत झोपलंय, आणि ती आणखी थोडी पडून राहिली. डॉक्टर म्हणाले, कधीकधी कारण सापडत नाही. पण घरात कारण लगेच सापडलं. सासूबाई म्हणाल्या, ढेकर न काढता ठेवलं आणि स्वतः झोपली, दूध अडकलं. मेजर कधी तसं बोलला नाही. नाही असंही कधी म्हणाला नाही.

दुसरं मूल तिनं होऊ दिलं नव्हतं. "माझ्या हाताचा मलाच भरवसा वाटत नाही काकू," ती म्हणाली, आणि मग माझी चौकशी करायला लागली. गुडघे कसे आहेत, काका काय म्हणतात.

मी तिला थांबवलं. पाळण्याचं सांगितलं. कंपनीनं तो परत मागवला होता, तुमच्याकडे दिला त्याच्या आधीच. माझ्या मुलीला कळवलं होतं, तिनं ते मनावर घेतलं नाही आणि मी कधी बघितलं नाही. मान कशी पडते ते सांगितलं, आवाज का होत नाही ते सांगितलं, दगडाचं सुद्धा सांगितलं. मी म्हणाले, बहुतेक त्यानंच झालं असणार बाई, बहुतेक दुधाचा आणि तुझ्या झोपेचा काही संबंध नव्हता. पाळणा माझा होता. तुला काय बोलायचं ते मला बोल.

पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं, ताटावर ताट ठेवल्याचा आवाज येत होता. मी शिव्यांची वाट बघत होते. खरं सांगते, मला त्या हव्या होत्या.

मग ती म्हणाली, "थांबा काकू. फोन स्पीकरवर टाकते. आई इथेच आहेत, आणि हेही घरी आहेत. हेच परत म्हणा."

पावलं वाजली. भांड्यांचा आवाज बंद झाला. एका म्हातारीनं कोण आहे म्हणून विचारलं, तिला कुणी उत्तर दिलं नाही. खुर्ची सरकली. ती म्हणाली, हं काकू.

मी परत म्हणाले, पहिल्यापासून, सावकाश, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. या खेपेला मात्र मी 'बहुतेक' म्हणाले नाही.